ठिपकेवाल्या कोंबड्यांचं खरं घर

“सव्वा महिना सोडू नकोस गो त्यांना!” बायजा कुंपणावरून ओरडली. “बाळंतीण कशी सव्वा महिना घरात बसते? तशी नवी कोंबडी सव्वा महिना खुराड्यात. आधी सोडलीस तर गेल्याच समज!”

“हो गं, कळलं!” नीला म्हणाली आणि लगेच विसरूनही गेली. तिचं सगळं लक्ष वेताच्या करंड्याकडे होतं.

मे महिन्याची सुट्टी नुकतीच लागली होती. कळव्याला नीलाच्या घरासमोर सकाळी टांगा थांबला आणि प्रभाकरमामा हा एवढा मोठा करंडा घेऊन उतरला. तो नीलाचा सख्खा मामा नव्हता. आई त्याला दरवर्षी राखी बांधायची, म्हणून मामा. पण सख्ख्या मामांनी हेवा करावा असा! सायकल त्यानेच शिकवलेली, ठाण्याला टेंभी नाक्यावर देवी बघायला खांद्यावर बसवून त्यानेच नेलेलं.

“ओळखा पाहू आत काय आहे!”

करंड्यातून न वंगणलेल्या रहाटासारखा आवाज आला. नीलाचा दहा वर्षांचा भाऊ आनंद टुणकन मागे उडाला.

“भूत!”

“अरे, गिनी कोंबड्या! सहा आहेत.” मामाने झाकण उचललं. करड्या अंगावर पांढरे ठिपके, निळसर बोडका चेहरा, डोक्यावर हाडाचं शिंग आणि गालांखाली लाल लोंबत्या पाळ्या. जणू छापील लुगडी नेसून सहा खाष्ट सासवाच बसल्या होत्या!

“कुणाच्या आहेत या?” आईने विचारलं. आईला प्रत्येक गोष्टीचं मूळ लागायचं. विहिरीजवळ कोण गेलं, आंबा कुणी दिला, टोपी का नाही घातली, सगळं.

“नाशिकला माझ्या मित्राचं फार्म आहे, तिथल्या.”

“आणि त्याने अशाच देऊन टाकल्या? सहाच्या सहा?”

“ताई, तू म्हणजे फौजदारच व्हायचीस!” मामा हसला, सगळे हसले आणि मग आईसुद्धा हसली.

अण्णा, म्हणजे नीलाचे वडील, मात्र बजावून म्हणाले, “मुक्या जिवाची जबाबदारी आहे. नाहीतर मागच्या वेळचा ससा आठवतोय ना?”

“मी आहे ना जामीन!” मामाने नीलाची वेणी ओढली. “माझी भाची आहे ती. नीट सांभाळेल.”

नीलाने मनात ठरवून टाकलं. मामाने आपल्यासाठी शब्द दिलाय. एकही कोंबडी गमवायची नाही!

बायजा कुंपणापलीकडच्या परशुराम पाटलांची मुलगी. तिच्या घरी कोंबड्या पिढ्यानपिढ्या. ती म्हणाली, “आमच्यात नव्या कोंबडीला चुलीभोवती तीनदा फिरवतात. मग ती घर विसरत नाही.”

“पण आमच्याकडे चूल कुठे आहे? स्टोव्ह आहे.”

“आणि स्वयंपाकघरात देव आहेत,” आईने आतूनच सांगितलं. “कोंबड्या आत आणायच्या नाहीत!”

मग स्टोव्हच ओटीवर आला. आनंदने पंप मारला, नीलाने एकेक कोंबडी काखेत धरून प्रदक्षिणा घातली. तिसऱ्या कोंबडीने आनंदच्या टोपीवर प्रसाद टाकला.

“स्टोव्ह म्हणजे काय चूल हाय?” बायजा पोट धरून हसली. “आता त्या रॉकेलच्या दुकानात जातील बघ!”

संध्याकाळी एक गंमत झाली. नीला “आ, आ, आ” करून दाणे टाकत होती, पण सहाही जणी ढिम्म. तेवढ्यात आत आईने देवापुढे दिवा लावला आणि घंटा वाजवली. किण किण किण! सहाही माना एकदम वर झाल्या. सगळ्या जणी जाळीशी धावल्या आणि चोची आपटायला लागल्या.

“केवढ्या भाविक!” आनंद ओरडला. “मामा, नाशिकच्या फार्मवर पूजा करतात का रे?”

मामा चहा पीत होता. “छे! म्हणजे... असेल बुवा,” तो म्हणाला आणि बशी पुसायला लागला.

त्या कोंबड्या ओरडायच्या मात्र विलक्षण! ओळखीचं माणूस आलं की चूप, पण नवखं माणूस फाटकाशी दिसलं की सहा रहाट एकदम सुरू. पोस्टमनने पत्रं कुंपणावरूनच फेकायला सुरुवात केली. त्यातली एक सारखी दोन तुकड्यांत ओरडायची.

“‘पाठ कर! पाठ कर!’ म्हणतेय,” आनंद वैतागून म्हणाला. “सुट्टीतसुद्धा!”

पण दिवसेंदिवस त्यांचं खाणं कमी होत गेलं. सगळ्या जणी जाळीच्या एकाच कोपऱ्यात, पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून उभ्या राहायच्या. नीलाला ते बघवेना. सव्वा महिना व्हायला अजून खूप अवकाश होता. एका सकाळी तिने ठरवलं, जरा पाय मोकळे करू देत बिचाऱ्या!

तिने दार उघडलं. कोंबड्यांनी इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. फडफड करून कुंपणावर चढल्या, पलीकडे उतरल्या आणि एकामागे एक अशी रांग धरून तुरुतुरु चालायला लागल्या.

“बायजा! अगं बायजा! सुटल्या!”

“सांगितलं नव्हतं मी?” बायजा हातातली केरसुणी टाकून धावली.

“आई, कोंबड्या सुटल्या, आणतो गं!” नीलाने हाक दिली आणि आईचं उत्तर यायच्या आत तिघं रस्त्याला लागली. (आईचं उत्तर “टोप्या!” असं होतं, पण ते कुणी ऐकलंच नाही.)

कोंबड्या मिठागराच्या बांधावर चढल्या. दोन्हीकडे मिठाचे पांढरे ढीग उन्हात डोळे दिपवत होते. आनंद अनवाणी निघाला होता. तो टाचांवर, मग चवड्यांवर, मग नीलाच्या सावलीत उड्या मारत चालला.

“कशा सरळ चालल्यात बघ,” बायजा म्हणाली. “भटकत नाहीत, चरत नाहीत. या पळाल्या नाहीत गो, या घरी चालल्यात.”

“घरी? नाशिकला?” नीला धापा टाकत म्हणाली.

“कसारा घाटातून चालत?” आनंद हसला. “तिकीट काढलंय का विचार!”

“पाखरू घराकडेच जातं. माणूस खोटं बोलेल,” बायजा म्हणाली.

“मामा खोटं बोलत नाही!” नीलाने तिला मध्येच तोडलं.

बांध संपला, सुकलेली भातखाचरं संपली आणि डोंगराच्या पायथ्याशी चिंचेच्या गर्दीत एक एकटी बंगली दिसली. रांग फाटकाखालून आत शिरली. सहाही जणी एका खिडकीजवळच्या चिंचेवर चढल्या आणि अंग फुगवून बसल्या. खूप दिवसांनी गावाहून परतलेली माणसं बसतात ना, अगदी तशा!

बायजा दचकली. “ही तर सगुणाबाईंची बंगली! पण त्या कल्याणला गेल्यात पुतणीकडे. कितीतरी दिवस झाले. साऱ्या गावाला ठाऊक आहे.”

“कुणी सांगितलं?”

“तुझ्या मामांनीच की! सगुणाबाईंचा मुलगा आफ्रिकेत असतो. इथलं सगळं मामाच बघतात.”

नीला काही बोलणार, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. सुकलेल्या पानासारखा.

“आल्यात? माझ्या आल्यात का गं?”

आनंदने नीलाचा हात घट्ट धरला. पण बायजा केव्हाच मागच्या दाराकडे धावली होती. दाराला बाहेरून कडी होती!

आत पलंगावर एक आजीबाई पडल्या होत्या. एक पाय उशीवर, गुडघ्यापर्यंत टम्म सुजलेला. दाराजवळच्या स्टुलावर डबा आणि तांब्या. नीलाने तांब्या उचलला. रिकामा! तिने विहिरीचं पाणी भरून आणलं. आजींनी भांडं तोंडाला लावलं ते एका दमात संपवलं आणि पुन्हा पुढे केलं.

“तुम्ही कल्याणला गेला होता ना?” आनंदने विचारलं.

“मी? बाळ, मी या खोलीबाहेरसुद्धा गेले नाही. विहिरीवर पाय घसरला, तेव्हापासून पडून आहे. प्रभाकर वैद्य आणतो म्हणाला. रोज म्हणतो. रोज दारातून विचारतो, ‘बरं आहे ना, मावशी?’ मी म्हणते, ‘बरं.’ डबा ठेवतो आणि जातो. सरपटत स्टुलापर्यंत जावं लागतं.”

“आणि या कोंबड्या?” नीलाचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू येईना.

“मुलाने मोंबासाहून बोटीने एक जोडी आणली होती. त्यांचीच ही पिल्लं. देवाची घंटा वाजवून दाणे टाकायची मी. प्रभाकर म्हणाला, मुंगसाने नेल्या. एक पीससुद्धा दाखवलं नाही त्याने. मी चिंचेकडे बघून रोज रडले.”

घंटा! नीलाच्या डोळ्यांपुढे मामा आला, मान खाली घालून बशी पुसणारा.

आनंद बाहेरच्या खोलीत डोकावून आला. “तिथे काहीच नाही! जमिनीवर नुसते चौकोन आहेत, सामान होतं तिथले.”

“पॉलिशला गेलंय,” आजी म्हणाल्या. “कपाट पॉलिशला, आरसा पॉलिशला, झोपाळा पॉलिशला.”

“झोपाळ्याला कसलं पॉलिश?”

आजी हळूच म्हणाल्या, “आज चारला देव्हारा न्यायला गाडी येणार आहे. ह्यांनी स्वतःच्या हाताने केला होता तो. नंतर मलाही कुठल्याशा आश्रमात पोचवणार म्हणतो. ‘मुलाला कळवलंय,’ म्हणतो. कळवलं असेल का गं?”

बायजाचा चेहरा काळवंडला. “गाडी आमचीच आहे,” ती म्हणाली. “कपाटसुद्धा बाबांनीच नेलं. मामा त्यांना फाटकाबाहेरच थांबवतात. म्हणतात, मावशी कल्याणला आहेत, त्यांनीच सामान तिथल्या दुकानात द्यायला सांगितलंय.” तिने चिंचेकडे पाहिलं. “नीला, एवढी गाडी, एवढे हमाल आले असते तर या बाया किती बोंबलल्या असत्या! कल्लोळ ऐकून बाबा आत आले असते. म्हणून आधी कोंबड्याच नेल्या.”

“गप्प बस गं!” नीला ओरडली. “मामा तसा नाहीये!”

पण आजींकडे बघून ती लगेच ओशाळली. बाहेर चिंचेवरची कोंबडी ‘पाठ कर, पाठ कर’ ओरडत होती.

“मी विचारते त्याला,” नीला म्हणाली. “सरळ नाही विचारणार. बायजा, तू आजींजवळ थांब. आनंद, चल!”

घरी आल्या आल्या दोघं थबकली. ओटीवर मामाच बसला होता, आईच्या हातचं पन्हं पीत! नीलाने डोळ्यांनीच आनंदला खूण केली. तो मागून जाऊन खुराड्यावर गोणपाट टाकून आला.

“काय भाचेबाई, कोंबड्या काय म्हणतात?”

“झोपल्यात. ऊन फार आहे ना.” नीला त्याच्या शेजारी बसली. “मामा, नाशिकहून आणताना त्या ओरडल्या का रे गाडीत?”

मामाने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. “ओरडल्या? अगं, सगळा डबा जागा केला! टीसी म्हणाला, या सहा बायकांची तिकिटं काढा! इगतपुरीला एक सुटली, मी फलाटावर तिच्या मागे, लोक टाळ्या पिटताहेत...”

आई पदर तोंडाला लावून हसत होती. आनंद अवाक होऊन बघत होता. मामा हातवारे करून ती कोंबडी कशी पळाली ते दाखवत होता. किती छान सांगत होता! आजवरच्या त्याच्या सगळ्या गोष्टी अशाच छान असायच्या. त्यातल्या खऱ्या किती असतील?

“हे घे.” मामाने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. “बरं ताई, निघतो. चारला एक काम आहे.”

फाटक वाजलं. नीलाने ती गोळी तुळशीच्या मागे टाकून दिली आणि आईला सगळं सांगितलं.

आईचा चेहरा कठीण झाला. “नीला! ज्याला मी राखी बांधते, त्याच्यावर असला आळ?”

“तू काहीच खरं मानू नकोस,” नीला रडू आवरत म्हणाली. “फक्त थोडी पेज कर आणि माझ्याबरोबर चल. तिथे एक आजारी आजी आहेत. एवढं तर खरं आहे ना, ते बघ.”

आईने तिच्याकडे नीट पाहिलं, मग स्टोव्ह पेटवला. निघताना आनंदला चिठ्ठी देऊन अण्णांकडे पिटाळलं, “डॉक्टरांना घेऊनच या म्हणावं.” आणि या वेळी टोपी घातल्याशिवाय त्याला सोडलं नाही.

चारच्या सुमाराला बंगलीत सगळं शांत होतं. आई पलंगाच्या कडेला बसून आजींना पेज भरवत होती. एक घास, एक पुसणं, एक घास. तिच्या कपाळावरची शीर उडत होती. नीलाने देव्हाऱ्यातली पितळी घंटा आणून आजींच्या हातात दिली. चिंचेखालून थेट बाहेरच्या दारापर्यंत बायजाने मूठभर भाताचं तूस आणि दाणे पसरून ठेवले होते.

बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मग कुजबुज. “परशुराम, तू इथेच थांब फाटकाशी. हे दोघे उचलतील.” मामाचाच आवाज!

“आजी, आता!” नीला म्हणाली.

किण किण किण किण!

सहा कोंबड्या चिंचेवरून दगडासारख्या खाली आल्या आणि दाण्यांवर तुटून पडणार, तर समोर दोन नवखे हमाल! मग काय विचारता! सहा गळे, सहा रहाट! एक हमाल मागच्या मागे तुळशीवृंदावनावर आदळला. दुसऱ्याच्या मुंडाशावर एक कोंबडी बसली आणि तो “मेलो, मेलो!” करत फाटकाकडे पळाला.

“अरे, या इथे कशा? हड! हड!” मामा हात झाडत दारात आला. “मावशी, काही नाही हं, रानकोंबड्या शिरल्यात...”

“रानातल्या? की नाशिकच्या?”

आई आतल्या दारात उभी होती, हातात पेजेची वाटी.

मामाचं तोंड उघडंच राहिलं. “ताई? तू... इथे? अगं, मी सांगतो ना, त्याचं असं झालं...”

“सांग की,” आई म्हणाली. “तू छान सांगतोस.”

पहिल्यांदाच मामाला गोष्ट सुचेना. त्याने नीलाकडे पाहिलं, ओळखीचं हसू आणायचा प्रयत्न केला. नीलाने मान वळवली नाही. सरळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. तोच खाली बघायला लागला.

कोंबड्यांचा कल्लोळ ऐकून परशुरामकाका आत धावत आले होते. खिडकीतून पलंगावरच्या आजी दिसल्या आणि त्यांचे पाय जागीच खिळले.

“आजीबाय? तुमी हितं? आन मी... मी माज्या बैलांनी तुमचा सामान नेला?” त्यांनी मामाकडे बघितलं. “गाडी माजी हाय, दुकान कल्याणचा मना ठावका हाय. उद्या कपाट, आरसा, झोपाला, समदा परत येल. तुमी येनार गाडीत माज्याबरोबर. तुमीच सांगायचा दुकानदाराला.”

“मी विकणार नव्हतो काही... म्हणजे, त्या आश्रमात गेल्या असत्या तर पडूनच राहिलं असतं...” मामा पुटपुटला.

“प्रभाकर,” आजी आतून म्हणाल्या, आणि कोंबड्यासुद्धा जरा निवल्या. “सामान न्यायचं होतं तर मागायचं होतंस रे. पण एवढीशी पाखरं तेवढी माझ्याशी बोलणारी होती.”

थोड्या वेळाने अण्णा आणि आनंद डॉक्टरांना घेऊन आले. हाड मोडलेलं नव्हतं, सांधा निखळला होता. “अजून थोडे दिवस गेले असते, तर पाय कायमचा अधू झाला असता,” डॉक्टर म्हणाले. “कुणी शोधून काढलं यांना?”

“गिनी कोंबड्यांनी!” आनंद म्हणाला.

“आणि त्यांच्या मागे धावणाऱ्या तिघांनी,” अण्णांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. “नीला, ससा मी विसरलो. शाबास!”

परशुरामकाकांनी बायजाला चक्क खांद्यावर उचललं. “तेरा वर्सांची झाली म्हनून काय झाला?” ते म्हणाले आणि बायजा लाजून लाल झाली.

आजींच्या मुलाला आईने स्वतः तार केली. सामान परत आलं. आजींकडे पूर्वी काम करणाऱ्या रखमाबाई पुन्हा कामावर आल्या. मामाने सगळ्यांची माफी मागितली, आईचीसुद्धा. आईने ऐकून घेतली. पण त्या नारळी पौर्णिमेला ताटात एक राखी कमी होती, आणि औक्षण करताना आईचा हात मध्येच थांबला. नीलाची सायकल पंक्चर झाली, तेव्हा तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. असं बरेच दिवस होत राहिलं.

आजींनी दोन कोंबड्या देऊ केल्या, पण नीलाने घेतल्या नाहीत. “त्यांचं घर हे आहे,” ती म्हणाली. “अंडी द्याल?” ती कडक कवचाची, टोकदार अंडी बायजाच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. कोंबडीच्या अंड्यांपेक्षा जास्त दिवस बसावं लागलं, म्हणून बिचारी अगदी वैतागली होती! शेवटी तपकिरी पट्ट्यांची पिल्लं बाहेर आली.

“यांना सव्वा महिना कोंडायचं का गं?” नीलाने या वेळी आधीच विचारलं.

“छे! ही तर इथलीच,” बायजा म्हणाली. “पण दवात सोडू नकोस, मरतील. आणि स्टोव्हभोवती फिरवू नकोस!”

रोज संध्याकाळी तिघं आळीपाळीने बंगलीवर जातात. घंटा आता आजींच्या उशाशी असते.

तुमच्याही आळीत कुणीतरी ‘गावाला गेलंय’ असं सगळे म्हणत असतील. कोण म्हणालं ते विचारा, आणि आईला सांगून, टोपी घालून, एकदा जाऊन या. दारातून “बरं आहे ना?” विचारून परत फिरू नका. आत जा. तांब्या उचलून बघा, त्यात पाणी आहे का.